माशांआधी पाण्याला विरजण हवे

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शहापुरातील आमच्या गल्लीत एका घराची वास्तुशांत झाली. पाहुण्यांपैकी कोणीतरी त्या कुटुंबाला माशांची टाकी भेट दिली. दीड फूट लांबीची, जेमतेम ४० लिटर पाणी मावेल एवढी ती टाकी; तळाशी रंगीत खडे, मध्ये प्लास्टिकचा बुरूज आणि वास्तुशास्त्राच्या नावाने हल्ली सर्वत्र सांगितले जातात तसे आठ सोनेरी व एक काळा असे नऊ गोल्डफिश. बाराव्या दिवशी त्यांतला शेवटचा मासा गेला. मी भेटायला गेले तेव्हा त्या घरच्या सूनबाई मला म्हणाल्या, “जाऊ दे बाई, घरावरचं गंडांतर त्यांनी आपल्या अंगावर घेतलं.” तेथेच उभ्या असलेल्या त्यांच्या सातवीतल्या मुलाने मात्र विचारले, “पण आजी, नऊच्या नऊ?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मी त्याला त्याच दिवशी ओसरीवर बसून दिले. तेच उत्तर जरा विस्ताराने आपल्या वृत्तपत्रातून मांडण्याची अनुमती मागते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या भागातील कितीतरी घरांत हेच घडते आणि प्रत्येक वेळी त्याच समजुतीवर ते मिटवले जाते. माझी सारी हयात शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि गेली सव्वीस वर्षे मी घरी मासे, झिंगे आणि गोगलगायी सांभाळत आहे, एवढाच माझा या विषयातील अधिकार.

त्या माशांनी कोणतेही संकट झेलले नव्हते. ते स्वतःच्याच उत्सर्गात गुदमरले. मासा आपल्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडत असतो. त्यात त्याची विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून आणखी अमोनियाची भर पडते. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरतो आणि तेथील जिवाणू तो सतत संपवत असतात. काचेच्या पेटीत तो कोठे जाणार? एका लिटरमध्ये एका मिलिग्रॅमच्या काही शतांश एवढा मुक्त अमोनियासुद्धा कल्ल्यांना इजा करू लागतो. शिवाय पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, ७ वरून ८ वर गेला, तर एकूण अमोनिया तेवढाच असूनही त्यातील खरोखर विषारी असलेला मुक्त अंश जवळजवळ दसपट होतो. म्हणूनच सारख्याच टाकीत, सारख्याच माशांना, सारखेच खाणे घालूनही एका घरातले मासे तगतात आणि शेजारच्या घरातले मरतात, आणि मग कारण शोधायला माणूस पाण्याकडे न पाहता नशिबाकडे पाहतो.

निसर्गाने यावर जो उपाय योजला आहे तो आपल्या स्वयंपाकघरातील विरजणासारखा आहे, आणि मला या पत्रातून प्रामुख्याने एवढेच सांगायचे आहे की, मासे आणण्याआधी पाण्याला हे विरजण लागले पाहिजे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. मधले नायट्राइटही विषारीच असते. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, त्यामुळे कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. शेवटी तयार होणारे नायट्रेट तुलनेने सौम्य असते. त्यातले काही पाणवनस्पती शोषतात आणि उरलेले आठवड्याच्या थोड्याशा पाणीबदलाने बाहेर जाते. नव्या टाकीत हे दोन्ही जिवाणू जवळजवळ नसतातच. ते आपोआप येतात, पण त्यांना पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि थंडीत त्याहूनही अधिक. टाकीत पाणी भरून फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा, रोज चिमूटभर माशांचे खाणे पाण्यात टाकून ते कुजू द्यावे आणि थेंबांनी पाणी तपासण्याची जी साधी पेटी मिळते तिने मोजत राहावे. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की थोडे पाणी बदलून दोन-तीन लहान मासे आणावेत. जिवाणूंची वाढ खाद्याच्या प्रमाणात होत असल्यामुळे पुढचे मासे काही आठवडे थांबूनच आणावेत. ज्यांच्या ओळखीत एखादी जुनी, निरोगी टाकी असेल त्यांनी त्या टाकीच्या फिल्टरमधील स्पंजाचा मळका तुकडा मागून घ्यावा आणि वाळू न देता, टाकीच्याच पाण्यात बुडवून घरी न्यावा. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणण्यासारखेच ते आहे, आणि त्याने सहा आठवड्यांचे काम पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत होते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंजावर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. आपल्याकडील बहुतेक टाक्यांचा घात याच ठिकाणी होतो, आणि तो आळशी माणसाकडून नव्हे, तर टापटिपीच्या माणसाकडून होतो. रविवार उजाडला की मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतून द्यायचे, खडे नळाखाली चोळून धुवायचे, स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच साबणाने लख्ख करायची आणि ताज्या नळाच्या पाण्याने टाकी पुन्हा भरायची, असा परिपाठ मी अनेक घरांत पाहिला आहे. त्यात महिनाभर जमलेले सगळे विरजण एका तासात मोरीत जाते, उरलेसुरले क्लोरीनने मरते आणि मासे पुन्हा पहिल्या दिवसाच्या पाण्यात येतात. त्यापेक्षा दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नळीने तळाची घाण ओढून घेत काढावे, त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलक्या हाताने खळबळावा आणि तेवढेच तयार पाणी सावकाश भरावे. साबणाचा हात टाकीत कधीही घालू नये. टाकीचे पाणी किंचित पिवळसर दिसले किंवा खड्यांवर हिरवट थर आला, तर ते आजाराचे लक्षण नाही. पुष्कळदा काचेसारखे स्वच्छ पाणीच सर्वांत घातक असते, कारण अमोनियाला ना रंग असतो ना, एवढ्या अल्प प्रमाणात, वास.

पाण्याविषयी बोलायचे तर आपल्या शहराला पाणी येते ते मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून. दोन्हीकडे ते पश्चिम घाटात पडलेल्या पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे त्यात क्षार सामान्यतः कमी असतात आणि बहुतेक माशांना ते मानवते. अडचण क्लोरीनची आहे. माणसाला सुरक्षित असलेला क्लोरीन माशाचे कल्ले भाजून काढतो, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ आले की त्याची मात्रा वाढवावी लागते. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत तेच हे रसायन, आणि दुकानातील क्लोरीन घालवणाऱ्या बहुतेक औषधांत तेच असते. आपल्याकडे घरोघरी विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी क्लोरीनविरहित असल्यामुळे टाकीला चांगले चालते. बोअरचे पाणी मात्र जमिनीखालून येताना प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड जास्त घेऊन येते, म्हणून ते काही तास एअर पंपाने ढवळून मगच वापरावे. गढूळ पाणी निवळण्यासाठी पिण्याच्या घागरीत तुरटी फिरवण्याची आपली जुनी पद्धत आहे. ते पाणी टाकीत घालू नये, कारण तुरटीने पाण्याचा पीएच एकाएकी खाली येतो. फिल्टरच्या यंत्रातून येणारे आरओचे पाणीही नुसते वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, आणि क्षारांवाचून झिंग्यांचे आणि गोगलगायींचे काय होते ते आता सांगते.

अलीकडे बेळगावच्या दुकानांतही लाल रंगाचे, नखाएवढे झिंगे मिळू लागले आहेत. चेरी श्रिंप या नावाने ते विकले जातात आणि मूळचे ते तैवान व चीनच्या पूर्व भागातील ओढ्यांतले. माशांपेक्षा मला त्यांचे अधिक अप्रूप वाटते. दिवसभर ते शेवाळ वेचत असतात. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी धरून आपल्या पायांनी त्यांना सतत वारा घालत असते आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी त्यांतून आईचीच हुबेहूब पण डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. झिंग्याला हाडे नसतात, त्याचे कवच हेच त्याचे हाड, आणि वाढायचे असेल तर ते जुने कवच टाकून नवे घडवावे लागते. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम हवे. ते नसेल तर कवच अर्धवट निघते आणि झिंगा त्यातच अडकून मरतो. कात टाकलेली पांढरी, पारदर्शक कवचे पाहून मुले झिंगा मेला म्हणून रडतात आणि मोठी माणसे ती काढून फेकतात. ती तशीच राहू द्यावीत, कारण झिंगे ती खाऊन त्यांतला चुना परत मिळवतात. कात टाकल्यावर दोन-तीन दिवस त्याचे अंग मऊ असते, त्या काळात लपायला जावा मॉससारखी दाट वनस्पती लागते, आणि एंजल किंवा गोल्डफिश यांसारख्या माशांसोबत ठेवले तर त्याला लपूनही जागा उरत नाही. फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज लावला नाही तर पिल्ले त्यात ओढली जातात. दुकानातून आणल्यावर पिशवी फाडून एकदम टाकीत सोडण्याऐवजी बारीक नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी मिसळत तासा-दीड तासाने त्यांना सोडावे. बेळगावच्या हवेत त्यांना बहुतेक वर्षभर हीटरही लागत नाही, कारण १८ ते २८ अंशांत ते सुखाने राहतात. खर्चाच्या दृष्टीनेही आपल्या गावाला इतका सोयीचा दुसरा जीव मला ठाऊक नाही.

माझ्या हातून एकदा असे सुमारे चाळीस झिंगे दोन दिवसांत मेले, आणि ते कसे मेले हे मी आवर्जून लिहिते, कारण हा प्रकार आपल्या कोणत्याही घरात घडू शकतो. उन्हाळ्याचे दिवस होते, नळाला चार दिवस पाणी नव्हते आणि टाकीतील पाणी आटून दोन बोटे खाली गेले होते. घरात पिण्यासाठी भरून ठेवलेला तांब्याचा हंडा होता. शिळे पाणी आहे, क्लोरीन उडून गेलेला आहे, म्हणजे हे पाणी उत्तम, असे समजून मी त्यातले तीन तांबे पाणी टाकीत घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी झिंगे तळाशी पाठीवर पडून पाय हलवत होते, गोगलगायींनी आपली दारे घट्ट लावून घेतली होती. त्याच टाकीतील गप्पी मासे मात्र काही न झाल्यासारखे फिरत होते. तांबे माणसाला जेवढ्या प्रमाणात चालते त्याच्या अल्पशा अंशानेही झिंगे आणि गोगलगायी यांसारखे अपृष्ठवंशीय जीव मरतात, आणि पाण्यात क्षार कमी असतील तर हा परिणाम अधिक तीव्र होतो. झिंग्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्याचेच बनलेले असते, तरीही पाण्यातले मोकळे तांबे त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही. हे मी वर्गात शिकवलेले होते आणि तरीही हंडा उचलताना मला ते आठवले नाही, याचे दुःख आजही आहे. पुढे लक्षात आले की, माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले किंवा बुरशी आली की दुकानातून जी औषधे आणली जातात त्यांतल्या काहींत तांब्याचेच क्षार असतात. मासे बरे होतात आणि त्याच टाकीतील झिंगे व गोगलगायी मरतात. औषध द्यायचेच असेल तर आजारी मासा वेगळ्या बादलीत किंवा टबात काढून द्यावे, म्हणजे झिंगेही वाचतात आणि विरजणही वाचते.

डासांविषयी दोन वाक्ये. डासांच्या अगरबत्त्या, वेटोळी आणि विजेवर चालणारी द्रव औषधे यांतील कीटकनाशके मासे व झिंगे यांना अतिशय विषारी असतात, आणि टाकीचा एअर पंप खोलीतील तीच हवा ओढून थेट पाण्यात सोडत असतो. म्हणून टाकीच्या खोलीत ती लावू नयेत, आणि गल्लीत धुराची गाडी येईल तेव्हा खिडक्या बंद करून, टाकीवर ओला पंचा टाकून पंप तेवढा वेळ थांबवावा.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते. टेट्रा, एंजल, फायटर, मॉली या माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. लहान टाकीचे पाणी रात्रीत पाच-सहा अंश उतरले की त्यांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नेमका तेव्हा डोके वर काढतो. साधारण एका लिटरला एक वॉट या हिशेबाने हीटर घ्यावा आणि पाणी काढण्याआधी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावा, नाहीतर काच तडकते. खानापूरकडच्या वाचकांना पावसाळ्यात झाड पडून दिवसदिवस वीज जाण्याचा अनुभव आहेच. अशा वेळी बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवावा, तो नसेल तर तासातासाने मगाने पाणी उंचावरून ओतावे आणि माशांना खायला घालू नये. निरोगी मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो, पण कुजलेल्या अन्नाच्या पाण्यात एक रात्रही राहू शकत नाही. एरवीही दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे पुरे असते. घरातले पाच जण येता-जाता प्रेमाने पाच वेळा चिमटी टाकतात, त्या प्रेमाने जेवढे मासे मरतात तेवढे उपासाने मेलेले मी पाहिले नाहीत.

गोल्डफिश हा बाऊलमध्ये ठेवायचा मासा आहे ही समजूतही सोडली पाहिजे. नीट सांभाळलेला गोल्डफिश वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षे जगतो. एकाला ७५ ते १०० लिटर पाणी लागते, म्हणजे त्या नऊ माशांना हौदच हवा होता. फायटर हवेतूनही श्वास घेऊ शकतो म्हणून त्याला काचेच्या ग्लासात विकतात. त्यालाही कोमट, फिल्टर असलेले किमान १५-२० लिटर पाणी द्यावे. टाकी साफ करील म्हणून सकर मासा माथी मारला जातो. तो दक्षिण अमेरिकेतला, बोटाएवढा येतो आणि दीड फुटापर्यंत वाढतो, खातो त्याहून जास्त घाण करतो. शेवाळ खाण्यासाठी नेराइट गोगलगाय किंवा हेच झिंगे कितीतरी चांगले. आणि अंगात रंगाच्या सुया टोचून निळे-गुलाबी केलेले काचेसारखे पारदर्शक मासे कृपया कोणी विकत घेऊ नयेत. ते मूळचे आपल्याच देशातील नद्यांतले, बिनरंगाचे, आणि तसेच सुंदर आहेत.

याच सकर माशापाशी या विषयाची सर्वांत गंभीर बाजू सुरू होते. मासा टाकीत मावेनासा झाला, किंवा घरातल्यांचा उत्साह ओसरला, की दयाबुद्धीने त्याला तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडले जाते. ते पुण्य नाही. सकर आंध्र, तामिळनाडू, केरळ, बिहार येथील अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. त्याच्या काटेरी कातडीने कोळ्यांची जाळी फाटतात, तो काठाला बिळे पाडतो आणि स्थानिक माशांचे अन्न संपवतो. आपल्याकडे बळ्ळारी नाल्यातले पाणी मार्कंडेयेला जाते, मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाही कृष्णेलाच. एका गल्लीतून सोडलेला जीव किती दूर जाऊ शकतो हे नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखे आहे. डास खाण्यासाठी म्हणून १९०८ साली गप्पी आणि १९२८ साली गंबुसिया मुद्दाम परदेशातून भारतात आणले गेले, आणि आता ते देशभर डबक्या-ओढ्यांत आहेत. गंबुसिया तर डासांच्या अळ्यांबरोबर दुसऱ्या माशांची अंडीपिल्लीही खातो. गोगलगायींचे भय मला त्याहून मोठे वाटते. टाकीत ठेवण्याची जी पिवळी, गोल अ‍ॅपल गोगलगाय असते तिच्याच जवळची एक जात खाण्यासाठी म्हणून दक्षिण अमेरिकेतून १९८० च्या सुमारास तैवानात नेली गेली. तेथून ती फिलिपाईन्स, व्हिएतनाम, जपानपर्यंत पोहोचली आणि लावणीनंतरची कोवळी भातरोपे रातोरात फस्त करणारी कीड म्हणून आज ओळखली जाते. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातील बासमतीचा वास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी अधिक काय सांगावे? नको झालेले मासे किंवा गोगलगायी दुकानात परत द्याव्यात, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्याव्यात. टाकीतील वनस्पतींची छाटणीसुद्धा गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मग टाकावी, कारण तिच्यावर गोगलगायींची अंडी असू शकतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझ्या काही विनंत्या आहेत. दुकानदारांनी टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. निदान प्रत्येक टाकीसोबत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत एक छापील चिठ्ठी द्यावी, ज्यात विरजणाचा कालावधी, माशाची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी, आणि कोणते औषध झिंग्यांना चालत नाही एवढे तरी लिहिलेले असेल. यात त्यांचे नुकसान नाही. ज्याचे मासे जगतात तोच गिऱ्हाईक दहा वर्षे दुकानात येत राहतो, आणि ज्याचे बारा दिवसांत मरतात तो टाकी माळ्यावर टाकतो. पाणीपुरवठा करणाऱ्यांना विनंती अशी की, पाणी बंद राहण्याचे दिवस वर्तमानपत्रांत जसे जाहीर होतात तसेच जलवाहिन्या धुऊन क्लोरीन जास्त सोडला जाणार असेल तो दिवसही जाहीर व्हावा. पालकांना विनंती आहे की, वाढदिवसाला परतभेट म्हणून पिशवीतला मासा मुलांच्या हातात देऊ नये, आणि गणपतीच्या आराशीत शोभेला म्हणून दहा दिवसांपुरता बाऊल मांडू नये. शाळांतील विज्ञान शिक्षकांनी प्रयोगशाळेत एक टाकी मासे न घालता सहा आठवडे चालवावी आणि मुलांकडून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांचा रोजचा आलेख काढून घ्यावा. नत्रचक्राचा धडा त्याहून चांगल्या रीतीने शिकवता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याने माझ्या टाकीतील स्पंजाचा तुकडा डब्यातून घरी नेला आहे. प्लास्टिकचा बुरूज त्याने काढून टाकला, खडे नुसत्या पाण्याने धुतले आणि वहीच्या मागच्या पानावर तो रोज संध्याकाळी थेंबांच्या चाचणीचा रंग लिहून ठेवतो. आज सतरावा दिवस आहे. अमोनिया शून्यावर आला आहे, नायट्राइट अजून उतरलेले नाही, आणि टाकीत एकही मासा नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
शहापूर, बेळगाव